परक्या उंटिणीच्या पोटात

सुवैदमामा गेला. लोक विचारतात, शेवटी जीव कशात अडकला होता का? नव्हता. जे अडकलं होतं ते आधीच सुटलं होतं.

मामाची गजाला नावाची उंटीण. त्याच्या आईनं पाळलेल्या वंशातली ही शेवटचीच. आमच्या सगळ्या बिदिया मुलखात तशी चाल कुणाची नाही म्हणायचा. पण म्हातारी झाली, पोटात काही टिकेना. मग इखलास डॉक्टरीणबाई, त्या सुदानच्या, म्हणाल्या, गर्भ हिचा घेऊ, वाढवू दुसरीच्या पोटात.

मामानं दुसरी निवडली ती दाई निवडावी तशी. भरपूर दुधाची, खानदानी.

"सुवैदकाका, गर्भ जितक्या दिवसांचा, तितक्या दिवसांवर हिचं अंग अजून आलं नाही," बाई म्हणाल्या. "गर्भ म्हणजे ठिपका असतो. सुरुवातीला पिशवीच्या रसातून त्याला आईचे निरोप जातात, आता वाढ, आता चिकट. ही अजून बोलायलाच लागली नाही."

"आमच्या आईनं नाही कधी निरोप धाडले. तरी आम्ही नऊ झालो."

"धाडले म्हणून तर झालात!"

पण मामा हटला नाही. बाई थकल्या आणि केलं त्याच्या मनासारखं.

थोड्या दिवसांनी मामा जवळ गेला तर उंटिणीनं शेपूट वर वळवली. आमच्याकडं ही गाभण असल्याची खूण, वाडवडलांपासूनची. मामानं लगेच बकरा कापला, वस्तीला जेवू घातलं. बाई भात खाता खाता म्हणाल्या, "काका, घाई केलीत. आपण इंजेक्शन दिलंय, त्यानं अंग तयारीला लागतं, शेपूट वर जाते. गर्भ असो नसो. आतून त्यानं मी आहे म्हणून कळवलं नाही, तर अंग सगळं आवरून टाकतं."

तसंच झालं. शेपूट खाली आली.

"बकरा पण गेला, शेपूट पण गेली," शमसामामी म्हणाली. पोरंसोरं मामाला बघून हसायची.

गजाला आणखी एकदाच गर्भ देईल, नंतर नाही, असं बाईंनी सांगून टाकलं. या वेळी त्यांनीच निवडली. किडकिडीत, फाटक्या कानाची, शेजारच्या हमदानची. मामा तोंड फिरवून बसला.

पुन्हा शेपूट वर गेली. मामा बघायलाच जाईना. मामी जाऊन यायची.

"आजपण वर आहे हो."

"गप. वाऱ्यानं असेल."

"वारा काय रोज तिच्याच मागं लागलाय?"

मामाचं जेवण सुटलं. नुसती कॉफी.

मग बाईंनी यंत्र लावलं. पडद्यावर काळ्यात बारीक काहीतरी फडफडत होतं.

"काळीज आहे, काका. दोघांचं बोलणं जमलं."

मामा वाळूतच बसला. रडतोय का हसतोय कळेना. मग उठून त्या उंटिणीच्या मानेला हात लावून म्हणाला, "माफ कर गं बाई. मी तुझा कान बघत बसलो." त्या दिवशी पोटभर जेवला, मामीच्या ताटातलंपण खाल्लं.

हिवाळ्यात मामाचं जुनं दुखणं वाढलं. मामी म्हणाली, "पिलू बघून तरी जा."

"टिकलंय ना? मग झालं. बघायला तू आहेस की," म्हणाला, आणि कूस बदलून निवांत झोपला.