ड्रॉइंगप्रमाणे घासलेलं कार्ड

लग्नाआधीपासून मी अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. मुलगी झाली आणि सासऱ्यांनी जाहीर केलं, "तान्हं पोर टाकून कंपनीत जायचं नाही. घरी बसून काय करायचं ते कर." सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा केमिकल कंपनीत शिफ्टला. म्हणजे पोर सांभाळायला मी एकटी. राग माझ्या नाकावर कायम असतो, पण तेव्हा सासऱ्यांपुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती. मनात म्हटलं, बरं, घरी बसूनच करून दाखवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला एक जुना पेंटियम कॉम्प्युटर आम्ही आणला. नदीकाठच्या मांजर्लीत आम्ही तळमजल्यावर, जोराच्या पावसात नदी कधी दारात येईल नेम नाही, म्हणून त्याचा डबा मी उंच स्टुलावर ठेवला होता. त्यावर कॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालायचं. चालायचं कसलं, रखडायचं! आतलं ग्राफिक्स कार्ड एक एमबीचं. काढलेलं वर्तुळ दातेरी दिसायचं, रंग एकमेकांत मिसळायचे, आणि चित्र जरा मोठं करून बघावं तर पडदा परत भरेपर्यंत चहाला उकळी यायची.

एमआयडीसीत डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवणारा एक वर्कशॉपवाला जुन्या ओळखीचा होता. त्यानं फ्लॉपी हातात दिली आणि म्हणाला, "मॅडम, या डायचं पूर्ण ड्रॉइंग सोमवारपर्यंत करून दाखवा. जमलं तर पुढचं सगळं काम तुम्हाला घरपोच." मी हरखून घरी आले आणि फाइल उघडली, तर पडद्यावर नुसता गुंता. कुठली रेष भोकाची आणि कुठली कडेची, काही कळेना. कार्ड बदलल्याशिवाय हे काम होणार नव्हतं, आणि हे काम हातचं गेलं की मी कायमची चुलीपाशी, हे मला स्वच्छ दिसत होतं.

उल्हासनगरच्या दुकानदाराला फोन केला, तर त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "बोर्ड में स्लॉट कौनसा है?" मला कुठं माहीत! डबा उघडला. आत दोन तऱ्हेच्या खाचा, लांब काळ्या आणि त्याहून आखूड पांढऱ्या. जुनं कार्ड पांढऱ्या खाचेत बसलेलं. सासरे रिटायर्ड फिटर. पलंगाखालच्या ट्रंकेतून त्यांनी बारीक मापं घ्यायचा स्वतःचा व्हर्नियर काढून दिला. मी खाचेचं माप घेतलं आणि रीतसर ड्रॉइंग काढलं. वरून, बाजूनं, आणि खाली तिच्यात बसणाऱ्या कार्डाची कड कशी हवी, मधली फट कुठं हवी, सगळं मापासकट. सासऱ्यांनी चष्मा लावून कागद उजेडात धरला. "हां. काम असं पाहिजे," म्हणाले. लग्न झाल्यापासून माझ्या कामाबद्दल ऐकलेला तो पहिला चांगला शब्द.

दुकानदार ड्रॉइंग बघून हसतच सुटला. "मॅडम, मकान बना रहे हो क्या?" पण माणूस जाणकार होता. म्हणाला, ही पांढरी खाच म्हणजे पीसीआय. आता नव्या बोर्डांवर तपकिरी एजीपी येतेय, ती तुमच्याकडे नाही, तेव्हा एजीपी कार्ड घेऊ नका, बसणारच नाही. आठ एमबीचंही नको, तुमचा प्रोसेसर जुना आहे, चारच्या वर पैसे वाया. विंडोजची ड्रायव्हर फ्लॉपी आत आहे ना तेही बघून घ्या, म्हणाला. सीलबंद खोकं दिलं आणि बजावलं, "चेंज कर दूंगा, पर माल जैसा दिया वैसा वापस आना मंगता."

घरी येऊन बघते तर कार्ड बसेना. दोन्ही प्रकारच्या कार्डांना कंपनीचं खोकं एकच, आणि आतून निघालं एजीपी! कप्पाळ माझं! दुसऱ्या दिवशी बाजार बंद. मी कार्ड चंदेरी पिशवीत परत घातलं, सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, बसत नाही हो. चुकीचं आलंय," आणि पोरीला डोस द्यायला दवाखान्यात गेले.

परत आले तर ओट्यावर वाईस बांधलेला, फरशीवर हिरवट भुसा आणि बाबांच्या मांडीवर कानस. शेजारी माझं ड्रॉइंग, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवून पसरलेलं. "ये, बघ," म्हणाले. "टक्क बसलं."

खरंच बसलं होतं. कड घासून, फट वाढवून, मागची पत्रीसुद्धा वाकवून नवीन भोक पाडलेलं. घासलेली कड आरशासारखी गुळगुळीत. सोनेरी पट्ट्या मात्र निम्म्याअधिक गेल्या होत्या.

"बाबा, हे काय करून ठेवलंत? कुणाला विचारून हात लावलात?"

"विचारायचं काय त्यात? जॉब रिजेक्ट झाला की रिवर्क करायचा. तुझ्याच ड्रॉइंगप्रमाणे केलाय. माप चुकलं असेल तर दाखव."

"माप नाही चुकलं हो! त्या पट्ट्यांतूनच तर सगळं चालतं, लोखंडाचा तुकडा नाही तो! आता दुकानदार घेणार नाही आणि दुसरं घ्यायची आपली ऐपत नाही. आधी माझं ऑफिस बंद केलंत, आता घरचं कामही घालवलंत. एकदाचं सांगून टाका ना की मी काही करायचंच नाही!"

एवढा आवाज मी त्या घरात कधी चढवला नव्हता. पोरगी रडायला लागली. बाबांनी ओटा झाडला, वाईस सोडवला आणि हत्यारं एकेक पुसून ट्रंकेत ठेवली. त्यांचे हात बघून मला भरून आलं, पण राग काही उतरेना.

बाजार उघडल्यावर मी दुकानात गेले. दुकानदारानं कार्ड उलटंसुलटं केलं. शेजारच्या दुकानातल्यालाही बोलावून दाखवलं. "काम तो एकदम सफाई का है, मॅडम. पर ये अब मेरा माल नहीं रहा." त्याचंही बरोबरच होतं. तिथल्याच पीसीओवरून वर्कशॉपवाल्याला कळवलं. तो म्हणाला, "मग घरचं काम मी डोंबिवलीच्या माणसाला देतो. पण माझ्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर येऊन पडलाय, चालवायला कुणी नाही. रोज इकडे येणार असाल तर बोला." मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. बघायचं काय होतं त्यात, सासरे थोडेच जाऊ देणार होते!

संध्याकाळी वाढता वाढता मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. बाबा समोरच जेवत होते. बाबांचा हात ताटात थांबला.

"मग जा ना," ते म्हणाले.

"आणि पोरगी?"

"मी आहे की."

"बाबा, तिची शी-शू असते. तुम्हाला नाही जमायचं."

"जन्मभर ग्रीसनं भरलेल्या मशिनी पुसल्या. पोर पुसायला काय होतंय?"

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरले. मी पदर डोळ्यांना लावला. त्यांनी हात धुतले आणि झोळीत झोपलेल्या पोरीपाशी जाऊन उभे राहिले. वाकले, तिला उचलायला हात पुढे केले, आणि तसेच थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी तू एकदा दाखव. मग मी हात लावतो."