मावशींचं पोटॅशियम

नवा माणूस भेटला की आमच्या मॅडम त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत आणि विचारत, "तुमच्यात पोटॅशियम किती असंल हो?"

कळमनुरीच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. नव्वदच्या दशकात त्यांचं संशोधन चालू होतं. आपल्या अंगातल्या पोटॅशियममधून जन्मभर थोडे किरण बाहेर पडतात. पोटॅशियम बहुतेक स्नायूंत असतं, म्हणून ते किरण मोजले की अंगात स्नायू किती ते कळतं. हे त्यांनी कँटीनमध्येही समजावून सांगितलं. तेव्हापासून चहावाला त्यांचा कप लांबूनच सरकवायचा.

किरण मोजायची खोली दूरच्या शहरात होती आणि तिथे यायला माणसं मिळत नव्हती. मी भिडेपोटी हो म्हणालो. सोबत त्यांची आई होती. हट्टा गावच्या या मावशींचा उभा जन्म शेतात गेलेला, अंगानं नुसती काडी. आई खंगत चालली म्हणून मॅडमना त्यांचं शेतात राबणं बंद करायचं होतं. मावशी ऐकत नव्हत्या. शेवटी मशीन सांगेल ते दोघींनी मानायचं ठरलं.

जाड लोखंडी भिंतींच्या त्या खोलीत एक खाट होती.

"मी काय करायचं?" मावशींनी विचारलं.

"काई न्हाई. पडून राहायचं."

"अंगात काही सोडतंय का ते?"

"न्हाई गं. तुझ्यातून जे येऊन राहिलं तेवढंच मोजतंय."

आकड्यावर मॅडमचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. वजनाच्या मानानं मावशींचे स्नायू भरपूर निघाले. त्या वयात सहसा नसतात इतके. माझा आकडा पाहून मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, तुमी जरा पायी चालत जा."

"काय निघालं?" मावशींनी विचारलं.

"तू जिंकलीस."

"मंग परवा रानात निंदायला जाते."

मॅडम हसल्या, आणि तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

काही वर्षांनी त्यांना परराज्यात नोकरी लागली. स्टँडवर तूरडाळीची जड पिशवी मावशींनी कुणाला हात लावू न देता एसटीत चढवली. मॅडमनी अडवलं नाही.

मॅडमना घेऊन गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली. मावशी तिकडेच बघत होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "पोरगी लई वाळली. तिला कोण मोजून राहिलं?"