मधली तुकडी

सुनंदामावशी गेल्याचा फोन आईनेच केला. मी लोअर परळच्या ऑफिसात होतो. "संजू, सुनंदा गेली रे. दुपारची च्याय पिली, पेपर वाचीत बसली, नि तशीच…" एवढं बोलून आई थांबली आणि सवयीने म्हणाली, "तू जेवलंस मा?" त्याला आता महिना उलटला. ब्याऐंशी वर्षांचं आयुष्य आणि कुणाला एक दिवसही तिष्ठत न ठेवता जाणं. रडू आलं, नाही असं नाही. पण इतक्या पुरेपूर जगलेल्या बाईबद्दल हळहळायचं तरी काय? मला घोर लागला होता तो आईचा. आई आज धडधाकट आहे ती या शेजारणीमुळे, आणि तिच्या माघारी आई पुन्हा जुन्या वळणावर जाईल, ही धास्ती स्मशानातून परतल्यापासून माझ्या मनात होती.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची आणि मावशीची भिंत एकच. ती पालिकेच्या रुग्णालयातून नर्स म्हणून निवृत्त झाली, पण चाळीने तिला निवृत्त होऊ दिलं नाही. "जीभ दाखव," हाच तिचा नमस्कार. नवी सून असो की सोसायटीचा सेक्रेटरी, जीभ दाखवल्याशिवाय सुटका नाही. दिवसभर एसीत बसून हाडं दुखतात म्हणणाऱ्या पोरांना ती सुट्टीच्या दिवशी सकाळी उन्हात पिटाळायची. पोह्यांवर लिंबू पिळलेलं नसेल तर बशी परत पाठवायची. आणि कुणी आपल्या मनाने गोळ्या आणल्या की तिचा पारा चढायचा. "ड जीवनसत्त्व म्हणजे काय चणे-फुटाणे आहेत? आधी रक्त तपासा, डॉक्टरला विचारा, मग गिळा!" आम्ही सगळे तिला टरकून असायचो.

अशी बाई शेजारी असताना आमच्याच घरात गडबड झाली, कारण काही वर्षांपूर्वी मावशी सहा महिने लेकीकडे नागपूरला होती. आईच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. चालताना पायातली चप्पल निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. गॅस बंद करायची विसरायची, माझ्या बायकोला, मेधाला, भलत्याच नावाने हाक मारायची. एकदा कोळीवाड्यात मासे आणायला गेली आणि घरचा रस्ताच आठवेना, तेव्हा ओळखीच्या कोळणीने तिला दारापर्यंत आणून सोडलं. मी शिकलेला माणूस, मी निदानही करून टाकलं… वय झालं. दिवसभर लक्ष ठेवायला एखादी बाई मिळेल का, याची चौकशीसुद्धा सुरू केली. त्याची लाज मला आजही वाटते.

मावशी परतली, बॅगही न ठेवता आईची जीभ बघितली. लालभडक आणि गुळगुळीत. "उद्याच्या उद्या बी-ट्वेल्व तपासून घे," ती मला म्हणाली. मी हसलो. "मावशी, आम्ही मालवणी माणसं. आठवड्यातून चार दिवस घरात मासे शिजतात. आम्हाला कसली कमतरता?"

"घरात शिजतात रे. तिच्या ताटात असतात काय? कधी बघितलंयस?"

नव्हतं बघितलं. आई सगळ्यांच्या मागून, आत ओट्यापाशी जेवायची.

रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं लिहून दिली. मग मावशीने आईला बोलतं केलं. मी कंत्राटावर नोकरीला लागलो तेव्हा आईने नवस केला होता… मुलगा परमनंट होईपर्यंत मासळी, मटण, अंडं काही तोंडात घालणार नाही. आठ वर्षं ती आम्हाला सुरमई तळून वाढत होती आणि स्वतः डाळभात खात होती. दूध काय ते चहापुरतं. दरवर्षी कंत्राट वाढलं की मी पेढे आणायचो, आणि ती विचारायची, "परमनंट केल्यानी?" माझे वडील गिरणीत परमनंट होते, तिला तेवढंच ठाऊक. "आता परमनंट कोण असतं, आई!" असं म्हणून मी हसून पेढा खायचो.

आता आई इंजेक्शनही घेईना. ते मटणातलंच सत्त्व असतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. "देवाक फसवू काय?" एवढंच तिचं म्हणणं. डॉक्टर समजावून थकले, मी चिडलो, मेधा रडली. मावशी मात्र नारळ घेऊन आली. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम आमच्यात पुरुषांचं, पण ती पदर खोचून आमच्या देव्हाऱ्यासमोर उभी राहिली आणि आमच्याच मालवणीत सुरू झाली. "बा देवा म्हाराजा, ह्या बायेन झिलासाठी नवस केल्यान. झील काय परमनंट झालो नाय. पण गिरणी गेली तशी परमनंट नोकरीय गेली, तेच्यात झिलाचो दोष नाय, बायेचोय नाय. आठ वर्सा तेची भाकरी चुकूक नाय. ह्याच परमनंट मान नि हिका मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारपाजारचे धावत आले. आई हसता हसता रडत होती.

त्या दुपारी मावशीने सुरमईची मधली, सगळ्यांत चांगली तुकडी पहिल्यांदा आईच्या ताटात वाढली आणि समोर आपलं लाकडी स्टूल ओढून बसली. पुढे इंजेक्शनांनंतर गोळ्या आल्या, आणि दर बुधवारी मावशीचा हा पहाराही. पायांच्या मुंग्या जायला बरेच महिने लागले. एक दिवस आईने "मेधा" अशी बरोबर हाक मारून तिच्या कालवणाला नावं ठेवली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर गेलो, पण बुधवार चुकला नाही. मावशी लिफ्टने खाली यायची. ते स्टूल तर कायमचं आमच्याच स्वयंपाकघरात राहिलं.

मावशीचं तेरावं झाल्यावर पहिला बुधवार आला. मी मुद्दाम दुपारी घरी आलो. मेधाने पानं मांडली होती. आईने तव्यावरची मधली तुकडी उचलली, आणि मी बघत राहिलो… ती तिने आपल्याच ताटात वाढून घेतली. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून समोर ठेवलं आणि जेवायला बसली.

"बघतंस काय?" ती मला म्हणाली. "जेव."

तिने काटेसुद्धा चोखून खाल्ले. हात धुतला, पदराने तोंड पुसलं, आणि त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून जीभ बाहेर काढून दाखवली.