चमक नसलेली प्लेट

कल्लाप्पाला साखरेतलं सगळं कळतं, असं प्रयोगशाळेत एकच माणूस मानायचा, आणि तो कल्लाप्पाच होता.

त्याचा बाप निपाणीकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या. रस उकळू लागला की दोन बोटांत तार धरून काहील कधी उतरवायची ते तो सांगायचा. कल्लाप्पाच्या वाट्याला काहील आली नाही. आली ती जे. पी. नगरमधल्या प्रयोगशाळेतली नोकरी: काचेची भांडी धुवायची आणि जिवाणू वाढवायच्या प्लेटींमध्ये अगर ओतायचा. अगर म्हणजे खरवसासारखा थिजणारा पदार्थ. एवढा सपाट अगर अख्ख्या बंगळुरात कुणी ओतत नाही, असं त्याचं मत. बाकीचे कसा ओततात, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तिथे संशोधन करणाऱ्या श्रीविद्याने त्याला एकदा समजावलं होतं, "अण्णा, या जिवाणूच्या अंगावर साखरेचं आवरण असतं. आतलं एक एन्झाइम साखरेचा एकेक कण जोडून ते विणतं."

"म्हणजे गुळव्याच की."

"हं, स्वल्प तसंच."

तेवढ्यावर कल्लाप्पाने त्या एन्झाइमला भावकीत घेतलं. वाढलेल्या प्लेटींशी त्याचं काम एवढंच: बुरशी धरलेल्या सकाळी काढून टाकायच्या. पण आता तो प्रत्येक प्लेट उजेडात धरून बघू लागला. जिवाणूंचे ठिपके काकवीच्या थेंबासारखे चकचकीत असले तर पास. निस्तेज असले तर प्लेट वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये.

त्या मंगळवारी तीन प्लेटींवर कोरडे, खरबरीत ठिपके निघाले. आदल्याच आठवड्यात श्रीविद्या म्हणाली होती, अगर जरा पातळ झालाय. ते त्याच्या मनाला लागलं होतं. दोन प्लेटी त्याने कुकरमध्ये टाकल्या. सगळ्यांत वाईट होती ती मात्र पुरावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवली, आणि झाकणावर मार्करने ठळक लिहिलं: अगर चांगला. जिवाणू वाईट.

श्रीविद्या आली, तिने प्लेटी उबवायचं कपाट उघडलं. "अण्णा, कालच्या तीन प्लेटी?"

"खराब होत्या, अक्का. चमक नव्हती."

ती स्टुलावर बसली. "आठ महिने मी बिनचमकेचाच ठिपका शोधतेय. ज्याचं ते एन्झाइम बंद पडलंय, तो. गुळव्या नसला तर काय अडतं, ते बघितल्याशिवाय तो करतो काय ते कसं कळणार?"

कुकरचा काटा एकशे एकवीस अंशांवर होता. त्यात काही जगत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कल्लाप्पाने फ्रीजमधून तिसरी प्लेट काढली. तिथून तिचं टेबल चार पावलांवर. तिसऱ्या पावलाला त्याची थाप तयार झाली होती: एक तुमच्यासाठी मुद्दाम जपली, अक्का. चौथ्या पावलाला त्याला झाकण आठवलं. श्रीविद्याच्या घरी मराठीच बोलतात आणि वाचतातही.

तिने वाचलं. प्लेट खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "अगर चांगला आहे."

"सरी, अक्का. बरं."

आता तो बुरशीखेरीज काही काढत नाही. चहाच्या वेळी ही गोष्ट स्वतःच सांगतो, आणि शेवटी म्हणतो, "बाप मला काहिलीच्या जवळ फिरकू देत नव्हता. इतकी वर्षं मला वाटायचं, पोरगं भाजेल म्हणून."