देवळ्याच्या जुन्या वहीचं पान

आमच्या घरी यजमानांच्या वंशावळीच्या वह्या, गावागावाच्या वेगळ्या. देवळा, सटाणा, पिंपळगाव. कोण कधी गंगेवर येऊन गेला, त्याने बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव काय सांगितलं, सगळं त्यात. काका अजून घाटावर श्राद्धं चालवतात आणि मी कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसते, म्हणून वह्या स्कॅन करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच हौसेने ओढवून घेतलं.

जुन्या वह्यांची कसरीने चाळण केली होती. हात लावला की पानाचा भुगा. स्कॅन झाल्यावर काकांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि जीर्ण पोथ्यांचं करतात तसं गंगेत सोडून दिलं. घरी आल्यावर म्हणाले, आता सगळं तुझ्याकडे. मी मान डोलावली. लॅपटॉपमध्ये होतंच की.

राहिला होता फक्त नावांचा घोळ. गावाचा फोल्डर, त्यात वही एक, वही दोन, वही तीन, आणि प्रत्येक वहीची पानं पुन्हा एकपासून सुरू. दुसरी प्रत काढून ठेवायची होती, पण म्हटलं आधी नावं धड करू, मग प्रत काढू. तेच काम दोनदा कोण करणार? शहाणपण नुसतं उतू चाललं होतं माझं.

शनिवारी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून एका ओळीची कमांड लिहिली. प्रत्येक वहीत शिर, पान उचल, त्याला गावाचं नाव आणि पानाचा नंबर दे, आणि गावाच्या फोल्डरमध्ये आणून ठेव. एंटर दाबलं. चहा निवायच्या आत सगळी गावं आटोपली. ना एरर, ना तक्रार. मी स्वतःवर बेहद्द खूश.

तासाभराने काकांचा फोन. देवळ्याचे यजमान वडिलांच्या श्राद्धाला बसलेत, त्यांच्या घरातले शेवटचे येऊन गेले ते आजोबा, त्यांची नोंद जुन्या पहिल्या वहीत पान चौदावर, ते मोबाइलवर पाठव. मी फोल्डर उघडला. पान चौदा होतं, पण अक्षर काकांचं, म्हणजे तिसऱ्या वहीचं. तेरा उघडलं, पंधरा उघडलं. सगळी नवी.

नाव देताना मी वहीचा नंबर घातलाच नव्हता. पहिल्या वहीच्या चौदावर दुसरीचं चौदा येऊन बसलं, त्याच्यावर तिसरीचं. कमांडने मुकाट्याने खालचं पुसून वरचं ठेवलं. कमांडमध्ये एक अक्षर जास्त टाकलं असतं तर पुसण्याआधी तिने विचारलं असतं. एक अक्षर! हे मला माहीत होतं, ऑफिसात नव्या पोरांना मीच बजावते. ऑफिसातल्या एका जाणत्या सहकाऱ्याला फोन केला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, या डिस्कवरून परत मिळणं कठीण आहे, आशा ठेवू नकोस.

हे फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. स्कूटर काढली आणि घाटावर गेले. यजमान माझ्याच वयाचा, डोकं भादरलेला, ओल्या धोतरात बसलेला. पुढ्यात पत्रावळीवर तीन पिंड: वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. काकांच्या कानाशी वाकून मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वह्या सोडल्या होत्या त्या पाण्याकडे पाहिलं.

मग घसा खाकरून त्यांनी यजमानालाच विचारलं, "पणजोबांचं नाव काय?"

मी काकांना हे कुणाला विचारताना कधी ऐकलं नव्हतं. यजमानालाही ते नवीनच असावं. तो आधी हसला, काका थट्टा करताहेत असं वाटून. मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आम्हाला कुठलं ठाऊक, गुरुजी," तो म्हणाला. "ते तर तुमच्याकडं ठेवलेलं व्हतं ना."