आतून कडी नसलेलं दार

नव्या रंगाचा वास आला, की मला तो सिनेमाच्या सेटांचा पार्क आठवतो. माझी दहावी संपल्यावर साकोलीहून दादा, नवी वहिनी आणि मी तिथे गेलो होतो. दादा पाळण्याच्या रांगेत थांबला आणि आम्ही दोघी एका हवेलीच्या सेटमागे शिरलो. विटा नुसत्या रंगवलेल्या, घड्याळाचे काटे चितारलेले, तुळस प्लास्टिकची. एकेक गंमत दाखवत वहिनी हसत होती. तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरून अडकलं. त्याला आतून कडीच नव्हती. प्लायवूडच्या त्या अरुंद बोळात उकाड्याने माझा जीव घाबरा झाला. मी दार बडवत रडू लागले. वहिनी मात्र शांतपणे खाली बसली. "घाबरू नका बाई," ती म्हणाली, "कोनी तरी येईनच. मले तं सवय हाये. तुमच्या घरी मी असीच रायतो." बऱ्याच वेळाने रखवालदाराने दार उघडलं. "कायले गेली अंदर?" दादा तिच्यावरच ओरडला. मी गप्प राहिले, ते आजही सलतं. तिचं ते वाक्य आईला सांगायला मला दोन वर्षं लागली. तोवर वहिनी माहेरी, मोहाडीला, कायमची निघून गेली होती.