नाशकात बसून पुढे ढकललेली होळी

किनारपट्टीवर येत्या आठवड्यात कुठे काय आहे, हे गेली काही वर्षं मी नाशकात बसून सांगतोय. आमच्या वर्तमानपत्राची कोकणासाठी एक पुरवणी निघते. तिचं पान लावायला तिकडे माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून ते काम नाशकाच्या कचेरीत, आणि कचेरीत ते माझ्या टेबलावर. दशावताराचा प्रयोग, डबलबारी भजनाचा सामना, शाळेच्या पटांगणातलं नाटक, वाळूशिल्पांचं प्रदर्शन, कासवांची पिल्लं समुद्रात सोडायचा सोहळा, हे सगळं मी तारीख-वार-वेळेसकट छापतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्याने शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलाशी यावं. चहा मी पाजीन.

समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला. पहिल्यांदा शाळेच्या सहलीत, तेव्हा चपला वाहून गेल्या. दुसऱ्यांदा लग्नानंतर, तेव्हा होडीत बसल्यावर माझं जे झालं ते बायको अजून पाहुण्यांना सांगते. पण सदरात माझा थाट बघावा! 'सागराच्या गाजेच्या साक्षीने रंगणार भजनसंध्या', असलं मी लिहायचो. एकदा एका वाचकाने कळवलं की ते देऊळ समुद्रापासून चांगलं आत, डोंगरात आहे, तिथे गाजबीज काही ऐकू येत नाही. पुढच्या आठवड्यात मी 'डोंगरदऱ्यांच्या साक्षीने' असं लिहून मोकळा झालो.

तिकडून मजकूर पाठवायचे एक निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. वहीच्या पानावर गोल, टपोऱ्या अक्षरात लिहायचे आणि त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे. यंदा शिमग्याच्या आधी त्यांचं पान आलं. त्यात एका गावाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं: 'फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला होळी. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पालखी घरोघरी.'

त्रयोदशीला होळी? मी खुर्चीत ताठ बसलो. अहो, होळी पौर्णिमेला असते हे नाशकातलं शेंबडं पोरगंही सांगेल. रंग आम्ही पंचमीला खेळतो, ते सोडा, पण होळी म्हणजे पौर्णिमाच. मी 'त्रयोदशी' खोडलं, 'पौर्णिमा' लिहिलं आणि कॅलेंडर बघून तारीखही दोन दिवस पुढची टाकली. वर शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "गुरुजी थकले आता. तिथीचा घोळ करायला लागले बिचारे." त्यांना एक फोन करून विचारावं, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तर माझ्या बैलाने त्या दिवशी चांगली झोप काढली असणार.

आता आमच्या समोरच्या दारातल्या ताईंबद्दल सांगायला हवं, कारण शहाणपण माझं आणि मार त्यांना बसला. ताई मूळच्या मखमलाबादकडच्या, माहेरचा फुलांचा मळा. यजमान कोकणातले, सातपूरच्या कारखान्यात होते. त्यांच्या गावी शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी प्रत्येक घरी येते. अंगणात नाचते, मग आत पाटावर बसते, आणि घरचं माणूस नारळ ठेवून ओटी भरतं. त्यासाठी यजमान दरवर्षी न चुकता गावी जायचे, एकटेच. त्या दिवसांत ताईंच्या माहेरी मळ्यात हात कमी पडायचे, म्हणून त्यांचं जाणं राहून जायचं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता पंचवीस-तीस वर्षं निघून गेली.

दिवाळीनंतर यजमान वारले. जायच्या आधी दवाखान्यात त्यांनी ताईंकडे एकच मागणं मागितलं. शिमग्याला आपलं दार बंद ठेवू नको, म्हणाले. पालखी दारात आली आणि घराला कुलूप, असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. ताईंनी हातावर हात ठेवून शब्द दिला. मूलबाळ नाही, दीर-जाऊ नाहीत, तेव्हा जायचं तर ताईंनाच.

गावातल्या शेजारणीला त्यांनी फोन केला. ती म्हणाली, "होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पालखी निघते. पहिला मान आपल्या वाडीचा. आदल्या दिवशीच ये." होळी कधी आहे, हे ना ताईंनी विचारलं ना तिने सांगितलं. होळी कधी हे काय विचारायचं असतं? तरी खात्री करून घ्यावी म्हणून ताई माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुम्हाला तिकडचं लय माहिती. तेवढं बघून सांगा. मला चुकून चालायचं नाय."

मी पुरवणी काढली आणि त्यांच्याच गावाची ती ओळ बोट ठेवून दाखवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी त्यांना दारात उभं करून पालखीचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं भाषण दिलं. देव त्यांच्या सासरचा आणि प्रवचन माझं! ताईंनी सगळं ऐकून घेतलं, पान घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि चतुर्दशीच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलं. म्हणजे पौर्णिमेला सकाळी गावात, झाडलोट वगैरे करून दुसऱ्या दिवशी पालखीला तयार. माझ्या पानाप्रमाणे अगदी चोख.

त्रयोदशीला सकाळी आठ वाजता गुरुजींचा फोन आला.

"साहेब, आज आमच्याकडे होळी लागायची आहे आणि तुमच्या पेपरात ती परवा आहे. लोक मला विचारतायत, गुरुजी, देवाला दोन दिवस थोपवून धरायचं का?"

"पण गुरुजी, होळी पौर्णिमेला..."

"ती तुमची. आमचे तेरसे शिमगे. पलीकडच्या गावात पौर्णिमेला होळी लावतात, आमच्यात त्रयोदशीला, बापजाद्यांपासून. मी लिहिलं होतं ना नीट?"

लिहिलं होतं. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी ती मोठ्या मनाने दिली, आणि फोन ठेवल्यावर मला ताई आठवल्या. पालखी उद्या सकाळी होती आणि ताईंची बस उद्या रात्री.

कुठल्याही धड माणसाने त्या क्षणी समोरचं दार वाजवलं असतं. दोन दारांत पावलं किती, तर सहा-सात. मी काय करावं? मी शुद्धिपत्र लिहायला बसलो! 'गतांकात अनवधानाने तिथीचा उल्लेख चुकीचा प्रसिद्ध झाला.' कुणाच्या अनवधानाने, त्याचा पत्ता नाही. मग 'अनवधानाने' खोडून 'तांत्रिक कारणाने' केलं. तेही बरं वाटेना, म्हणून उठून दाढी केली. जिन्यात ताईंच्या दारावरून चोरासारखा उतरलो आणि कचेरीत गेलो. तिथून त्यांना फोन लावला आणि पहिल्याच रिंगला कापला. खोटं कशाला बोलू, हे पंचांगावर ढकलता येईल का, प्रेसवर ढकलता येईल का, गुरुजींवर तरी ढकलता येईल का, याचाही मी विचार केला. सगळ्या कोकणाला तारखा सांगणारा माणूस शेजारणीसमोर उघडा पडणार, याचीच मला भीती होती.

दोन वाजता जेवायला घरी आलो. बायकोने ताट वाढता वाढता माझं तोंड पाहिलं. "काय झालं? कुणी गेलं का?" मी सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

"आणि तुम्ही जेवायला बसताय? उठा आधी! त्या बाईने यजमान गेल्यापासून काही मागितलं नाही कुणाकडे. जा."

गेलो. ताई पिशवीत खण आणि नारळ भरत होत्या. माहेरच्या मळ्यातून झेंडूची पाटी उद्या येणार होती, त्यासाठी सुतळीही काढून ठेवली होती. मी सांगितल्यावर त्या आधी हसल्या, त्यांना थट्टाच वाटली. मग माझा चेहरा बघून खाली बसल्या.

"पण भाऊ, छापलेलं होतं की हो ते."

"मीच छापलं होतं, ताई. गाडी काढतो. आत्ता निघू."

बायकोही निघाली. "तुमच्या एकट्याच्या भरवशावर ताईंना पाठवायची माझी छाती नाही," म्हणाली. सामान आवरेपर्यंत साडेतीन झाले. सिंहस्थाच्या कामांनी सगळं शहर खणून ठेवलेलं, त्यातून बाहेर पडायलाच तास गेला. कसारा उतरलो, आणि पनवेलला दिवे लागले होते. एका ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून रखडत महाड गाठायला साडेदहा वाजले. पुढे वळणाचा घाट. आणि रात्री समोरून दिवे आले की मला रस्ता दिसत नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती तिथे सांगावी लागली. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. ताई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. जीव घालवून काय करायचंय." लॉजवर थांबलो, सकाळी पोचतो म्हणून शेजारणीला फोन केला. ताई झोपल्या नाहीत, असं बायकोने सकाळी सांगितलं.

पहाटे निघालो. माझ्या सदरातली गावं एकेक करून पाट्यांवर यायला लागली. मला राहवेना. "इथे मागे चित्रप्रदर्शन झालं होतं बघा," मी म्हणालो.

"तुम्ही पुढे बघा," बायको म्हणाली.

वाडीत शिरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. ढोल ऐकू येत होता, पण खालच्या अंगाने, लांबून. ताई गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या. शेजारीण धावत आली.

"अगो बाय, आताच गेली पालखी! तास पण नाय झाला. तुझ्या दारात ढोल थांबवला. मानकऱ्यांनी हाक मारली, घरात कोण आहे का? दोनदा मारली. मी म्हटलं, ती येणार आहे, थांबा जरा. थांबले पण. पण पुढे तीन वाड्या करायच्या, किती थांबणार?"

पुढे गेलेली पालखी मागे फिरत नाही. संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यावर, जाऊन ओटी भरता येईल, असं शेजारणीने सांगितलं. ताईंनी मान हलवली. पण तिथे सगळं गाव ओटी भरतं. देव आपल्या दारात येतो ते वेगळं. भाषण देताना हेच तर मी त्यांना सांगितलं होतं.

अंगणात गुलाल सांडलेला होता. दारासमोर जास्त, कारण तिथे पालखी थांबली होती. ताईंनी कुलूप काढलं, दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत उघडल्या आणि उंबऱ्याशी पायरीवर बसल्या. बायको शेजारणीबरोबर झाडू आणि पाणी आणायला गेली. मी अंगणात उभा राहिलो. कुठे बसावं ते कळत नव्हतं.

"गुरुजींचा फोन तुम्हाला कधी आला होता, भाऊ?"

'दुपारी' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता.

"काल सकाळी. आठला."

"आणि मला सांगितलं अडीचला."

"हो."

"आठला निघालो असतो तर घाट उजेडी लागला असता."

"हो, ताई."

त्या रडल्या. यजमान गेले तेव्हाही मी त्यांना असं मोठ्याने रडताना पाहिलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की समजूत घालायलाही पुढे होता येईना. थोड्या वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"ह्यांना मी काय सांगू आता? पालखी आली आणि दार बंद होतं म्हणून सांगू?"

"माझं नाव सांगा," मी म्हणालो. "म्हणावं, समोरच्या दारातल्याने शहाणपणा करून होळी पुढे ढकलली. आणि चूक कळल्यावर सहा तास तोंड लपवून बसला. दार त्याच्यामुळे बंद राहिलं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"सांगते," त्या म्हणाल्या, आणि दिवा लावायला आत गेल्या.